कपड्यांसकट

गुरुवार, दुसरा तास. बाहेर उणे सहा.
तलावावर वाफ इतकी की पलीकडचा काठ
आवाजावरूनच ओळखायचा.
सातवीची चौदा मुलं पायऱ्यांवर कुडकुडतायत.
आज पोहण्याचे कपडे नाहीत,
लोकरी स्वेटर, जीन्स, मोजे, बूट.
"बाई, आई रागावेल," बेर्गदीस म्हणते.
"आईला चिठ्ठी दिलीये मी. उतर."

म्हणतात, पाण्यात पडलं की पोहता येतं.
आमच्या चर्चमागच्या दगडावर
एकेचाळीस नावं आहेत.
सगळे पाण्यातच पडले होते.

स्वेटर आधी पाणी पितो,
मग झोपलेल्या पोरासारखा जड होतो गळ्याशी.
"हात मारू नका. उताणे व्हा.
कान बुडू द्या. पोट वर.
आभाळ बघा, दिसत नसलं तरी."

शिमोन अजून दांडी धरून.
दोन वर्षांपूर्वी पोलंडहून आला,
वडील मासळीच्या कारखान्यात रात्रपाळीला.
"बाई, हे पाणी मला धरत नाही."
"धरतं. तू घाई करतोस."
मानेखाली माझा तळवा. मग दोन बोटं.
मग एक.

शेजारच्या गरम कुंडात ओद्दुर,
वय त्र्याऐंशी, चाळीस वर्षं कॉडच्या मागे,
पोहता येत नाही.
"पोहणाऱ्याला बुडायला वेळ लागतो,
एवढाच काय तो फरक," दर गुरुवारी म्हणतो.
"तेवढा वेळच शिकवते मी," दर गुरुवारी मी.
"तेवढ्यात दोर येतो कधी कधी."
"कधी कधी," म्हणतो, आणि डोळे मिटतो.

आज मिटले नाहीत.
वाफेतून शिमोनकडे बघत राहिला,
मग हळूच, कुणालाच न विचारल्यासारखं,
"आणि बूट? ते कधी काढायचे?"

केटिलचे बूट मांडीपर्यंत होते.
त्याचा धाकटा भाऊ. गावात सगळ्यांना ठाऊक आहे.
मी तोंड उघडलं, शब्द आला नाही.

पाण्यातून, फक्त नाक-तोंड वर ठेवून,
मोडक्या आइसलँडिकमध्ये शिमोन म्हणाला,
"सगळ्यात आधी, आजोबा.
गुडघा पोटाशी घ्यायचा. आणि एकेक."

घंटा झाली. पोरं ओली पिशव्या घेऊन पळाली.
एक स्वेटर बाकावरच राहिला.
चार वाजता कुलूप लावायला गेले तेव्हा
गोठून कडक झाला होता,
दोन्ही बाह्या पसरून, उताणा.