खोलीला नाव द्या

लॅपटॉप ट्रेलरमधल्या घडीच्या टेबलावर,
टेबलाच्या एका पायाखाली सीरियलच्या खोक्याचा पुठ्ठा.
समोर डेल्फीन रस्क, वय एकाहत्तर,
हातात विमा कंपनीची यादी:
खोल्या किती, खिडक्या किती, छपराचा उतार किती.

घर तासाभरात उभं राहिलं.
भिंती ओढल्या, त्या आपोआप एकमेकींना चिकटल्या.
दाराची बिजागरी कुठल्या बाजूला, तेही त्यानंच ठरवलं.
छप्पर तर एका टिचकीसरशी.
माउस धरून घर फिरवलं
आणि घर फिरलं तसे वासेही फिरले,
निमूट, एकही न करकरता.
"आमचं थोडं उजवीकडे झुकलेलं होतं," डेल्फीन म्हणाली.
झुकवायची सोय नाही, मी म्हटलं.

मग धुराडं.

साधनांच्या पट्टीत धुराडं कुठेच नाही.
शेकोटी आहे, सहा नमुन्यांत,
तिच्यात जाळ आहे, हलतासुद्धा,
पण धूर कुठे जातो
हे विचारावंसं कुणाला वाटलेलं नाही.
तेव्हा जुगाड: चार आखूड भिंती,
पाच फूट बाय तीन,
तळघरात एकदा, वर पुन्हा, त्याच्याही वर पुन्हा,
कारण या घराचे मजले एकमेकांना ओळखत नाहीत.
चौकोन मिटला तशी पाटी आली:
खोलीला नाव द्या.
बेडरूम. बाथरूम. कपड्यांची खोली. इतर.
मी "इतर" निवडलं.
त्यानं लगेच फरशी घातली, वर सिलिंग,
मध्ये एक दिवा,
आणि खाली लाल अक्षरांत सूचना:
या खोलीला दार नाही.

डेल्फीन हसली, खोकला येईपर्यंत.

फरशी काढली, सिलिंग काढलं, दिवा काढला.
छपरानं आपणहून वर टोपी चढवली होती, तीही उतरवली.
दहा फुटांच्या आत छपराचं जे काही असेल
त्याहून दोन फूट उंच, हा नियम.
"ऑर्व्हिलनं तीन ठेवले होते.
त्याचा वाऱ्यावर विश्वास नव्हता."
आता दगड. दगडाचे नमुने बरेच,
पण प्रत्येकात तोच दगड दर दोन फुटांवर परत येतो,
चर्चच्या जेवणाला पुन्हा रांगेत लागलेल्या माणसासारखा.
"आमचे नदीतले. त्र्याऐंशीचा उन्हाळा,
पिकअपच्या नऊ खेपा.
आणि गुडघ्याच्या उंचीवर एक चमचा.
पोरानं ओल्या सिमेंटात खुपसला, निघालाच नाही."
चमच्यासाठी मी काही शोधलं नाही.

दुपारी वर गेलो, माप घ्यायला.
रस्त्याच्या दोन्ही कडांना फरच्या काळ्या काड्या,
खाली नवा हिरवा नेचा, लाज सोडून उगवलेला.
आणि प्लॉटवर
भिंत नाही, खिडकी नाही, फिरायला वासे नाहीत,
फक्त धुराडं.
ऑरेगनच्या त्या अख्ख्या उतारावर शेजाऱ्यांचीही तशीच,
हजेरीला हात वर केल्यासारखी.
जन्मभर आग पोटात घेतलेली.
ती बाहेरून आली तेव्हा
त्यांना फारसं नवल वाटलं नसावं.

टेपचं खालचं टोक डेल्फीननं धरलं.
पाच फूट दोन इंच.
चमचा होता. वितळून टोकाशी गोळा झालेला,
तिनं त्यावर अंगठा फिरवला आणि टेप पुन्हा धरला.
मी शेकोटीत डोकं घालून वर पाहिलं:
आभाळाचा चौकोनी तुकडा,
आणि काजळीला चिकटलेलं काटक्यांचं घरटं.
एक पाकोळी सरळ आत उतरली,
कुणाला दार न विचारता.

रात्री ट्रेलरमध्ये दोन इंच वाढवले.
जिना सरकला. स्वयंपाकघर सरकलं.
वरच्या खोलीची खिडकी, तिच्याखालचा पलंग,
सगळं घर एकदा हललं आणि बाजूला झालं.
सूचना परत आली, लाल.
डेल्फीन चष्मा काढून झोपायला निघाली होती.
"राहू दे ती," म्हणाली,
"आणि तिसरा फूट विसरू नकोस."