डब्यावर तीन अक्षरं

इशबेल रँकिन गेली, त्याच्या नवव्या दिवशी
ग्रीनॉकच्या चढावरच्या घरात
तिची भाची लोर्ना आणि दीर फर्गस
माळ्यावरून एकेक खोकं उतरवत होते.
खोलीत दोन ढीग: ठेवायचं. टाकायचं.
खिडकीबाहेर क्लाइड, पत्रा अंथरावा तशी.

शॉर्टब्रेडचा एक डबा निघाला.
आत बिस्किटं नाहीत, हे वजनावरूनच कळत होतं.
झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर निळ्या शाईत:
टीटीएल.

"थ्रू द लेन्स," फर्गस लगेच म्हणाला.
चाळीस वर्षं त्याने लोकांच्या लग्नांचे फोटो काढले.
उजेड मोजायचा तो भिंगाच्या आतून,
आत येतो तेवढाच आपला,
बाहेर कितीही ऊन असू दे.
ग्रीनॉकमध्ये ऊन ही तशी ऐकीव गोष्ट.

लोर्ना ग्लासगोत नेटवर्क सांभाळते,
तिने वाचलं, टाइम टु लिव्ह.
प्रत्येक पाकीट निघतं तेव्हा त्याच्यासोबत
शिदोरी द्यावी तसा एक आकडा देतात, चौसष्ट म्हणू,
आणि वाटेतला प्रत्येक राउटर
जकात घेतल्यासारखा त्यातला एक काढून घेतो.
शून्य झालं की टाकून द्यायचं, असेल तिथे.
नाहीतर वाट चुकलेली पाकिटं
फिरतच राहतील एकमेकांच्या दारांवरून.

"निष्ठुरच की."
"नाही," लोर्ना म्हणाली, "ज्याच्या दारात ते संपतं
तो मागे निरोप धाडतो,
तुमचं पाकीट इथवर आलं होतं म्हणून."
मग ती झाकणाच्या कडेत नख घालत राहिली.
इस्पितळाचा फोन आला तेव्हा ती मीटिंगमध्ये होती.
तिने तो कापला होता. दोनदा.

झाकण निघालं.
काळ्या फोममध्ये पाय रोवून उभ्या चिप्स,
चौदा-चौदा पायांच्या, रांगेने.
ट्रान्झिस्टर-ट्रान्झिस्टर लॉजिक. दुसरं काय असणार!
बावीस वर्षं इशबेल कारखान्यात
तपासणीच्या बाकावर बसली होती.
पाच व्होल्टचं राज्य.
शून्य पॉइंट आठच्या खाली असेल तर नाही.
दोनच्या वर असेल तर हो.
मधल्या पट्टीत घुटमळणारी जी सापडेल
तिच्या पाठीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा
आणि संध्याकाळी टोपली भंगारात.

डब्यातल्या प्रत्येक चिपला लाल ठिपका होता.

फर्गसने मोजल्या. एकशे बारा.
पुन्हा मोजल्या, एकशे अकरा.
"पर्समधून आणत असणार," तो म्हणाला,
"सँडविचच्या कागदात गुंडाळून,"
आणि हसायला लागला, आणि चहा टाकायला
जरा घाईनेच आत गेला.

लोर्नाने डबा उचलला.
एका ढिगाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं.
किटली शिटी वाजवून थांबली तरी
ती दोन्हींच्या मधे, जमिनीवर,
डबा मांडीवर घेऊन बसलेली.