श्वास धरा

सोमवार ते शनिवार माझं बोलणं ठरलेलं :
हनुवटी वर, खांदे पुढे,
श्वास घ्या. धरा. हलू नका.
मुलुंडच्या दवाखान्यात, शिशाच्या काचेमागून,
एकोणीस वर्षं.
माणसं धरतात बिचारी.
कुणी गाल फुगवून, कुणी डोळे मिटून
विहिरीत उडी मारल्यासारखे.
एका आजोबांना ‘सोडा’ म्हणायचं राहूनच गेलं एकदा,
फोन वाजला होता.
चेहरा जांभळा होत आला त्यांचा,
पण हलले नाहीत.

रविवारी सहाला भांडुप पंपिंग.
आधी खाडीचा वास येतो, मग खाडी.
अलीकडे पंपांची घरघर, पलीकडे हायवेची,
आणि मधे तिवरांची पट्टी,
तिला कसलीच घाई नसलेली.
डिमेलो बाई पुढे, गमबुटांत.
बोट दाखवत नाहीत, नजरेनं सांगतात :
तिसरं झुडूप, डावीकडे, खालची फांदी.
तोवर फांदी रिकामी.

माझा कॅमेरा हातबदलाचा,
लेन्सच्या कडेला बुरशीचा ठिपका.
रिपोर्टात लिहितात तसं मी म्हणते : जुना डाग, काळजीचं कारण नाही.
चार महिन्यांत दोनशे बारा फोटो :
वेडा राघू नुकताच उठून गेलेली तार,
खंड्याची अर्धी शेपटी,
पाणी, जिथे टिबुकली होती.

त्या दिवशी गोरक्षकरांनी
(बँकेतून निवृत्त, लेन्स दुधाच्या किटलीएवढी)
खिशातल्या खिशात फोन सुरू केला.
टुवी टुवी टुवी टुवी.
आणि तो आलाच.
शिंपी. अंगठ्याएवढा जीव, शेपूट ताठ,
चार हातांवर, मग दोन,
मग थेट माझ्या लेन्सच्या तोंडाशी.

इतक्या जवळचं माझ्या लेन्सला दिसत नाही,
चाळिशी लागलीय तिला.
मी कॅमेऱ्याच्या वरून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं :
ओरडताना मानेवर उघडी पडणारी काळी रेघ,
आणि छाती.
आमच्या लहानात लहान प्लेटवर अशा वीस मावल्या असत्या.
ती धडधडत होती म्हणू नये,
ती नुसती धडधडच होती, वरून थोडी पिसं.
त्याला कुणी श्वास धरायला सांगितलं नव्हतं.
मीच धरला होता.

वाटलं, माझ्याकडे आला.
तो तर गोरक्षकरांच्या खिशाला विचारत होता :
कोण आहेस तू, माझ्या झुडपात?

“बंद करा ते,” डिमेलो बाई म्हणाल्या,
घरात कुणी आजारी असताना बोलतात त्या आवाजात.
“पानं शिवून झालीत त्याची. आत अंडी असतील.”

आवाज थांबला. तो थांबला नाही.
इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं,
आणि माझ्या काचेत त्याला तो दुसरा सापडला.
टक्.
एकदाच. माझं बोट दचकून दाबलं गेलं,
आणि झुडूप मिटलं.

फोटोत करडं-हिरवं काहीतरी,
मधे पांढुरका झोत.
आमच्याकडे याला ‘हललेला’ म्हणतात,
आणि परत काढतात.

गेटाबाहेर चहाच्या टपरीवर गोरक्षकरांनी त्यांचा दाखवायला आणला.
पीस न् पीस मोजून घ्यावं असा.
मी लांबूनच छान म्हटलं. पाठवतो म्हणाले.
पाठवलाही रात्री,
अजून उघडलेला नाही.
माझ्या काचेवर एक बारीक ओला ठसा होता,
बुरशीच्या शेजारी. वाळला आपोआप.
फडकं हातात होतं माझ्या.

सोमवारी पहिलाच पेशंट,
खोकणारा पोरगा, बरगड्या मोजता येणारा.
श्वास घे. धर.
आणि ‘सोड’ जरा लवकरच निघून गेलं तोंडातून.
प्लेट ठीक आली,
नशीब.