खणखणीत

फरशीला पेराने टिचकी मारायची.
खणखणीत वाजली तर पुढे,
बद्द वाजली तर उजवीकडच्या गाडीत.
सतरा वर्षं हेच, रास अल खैमाच्या कारखान्यात,
भट्टीच्या तोंडापासून नव्वद पावलांवर.
चीर डोळ्याला दिसण्याआधी
कानाला कळते.

माझी चीर मात्र कुणाला सापडेना.
कंपनीच्या दवाखान्यात सगळं नॉर्मल.
दोन वर्षं बिछान्याच्या कडेला बसून
बूट घालण्याइतका धीर गोळा करतो आहे.
आठ तास झोपून उठावं
तर अंगात दुसऱ्याच कुणाची तरी पाळी करून आल्यासारखं.
आणि पहाटे तीनला बनियन चिंब,
हात असे कापतात की सुईला बोट सापडत नाही.
मशीन म्हणतं: एक्कावन्न.

आई होती तोवर वसईहून सुकेळी यायची,
सोपटात आवळून बांधलेली, काळी, चिकट.
एक तोंडात टाकली की दहा मिनिटांत माणूस,
दीड तासाने पुन्हा चिंधी.

नखीलच्या क्लिनिकातल्या डॉक्टर इख्लास, सुदानच्या,
म्हणाल्या, तू साखरेकडून उधार घेतोस,
तिचं व्याज फार.
थोडं थोडं खा. अंडं, चणे. रक्त पुन्हा तपास.
मग कागदाच्या खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात,
ग्लुटामिन, कार्निटिन.
"कुणाकुणाला बरं वाटतं.
तुला वाटेलच, असं मी लिहून देणार नाही."
इतकं खरं बोलणाऱ्या माणसावर
विश्वास बसतो, ही एक पंचाईत.

एकशे दहा दिरहमचा डबा.
डब्यावर एक माणूस, मानेपेक्षा दंड जाड.
वरच्या बंकवरून भीमलाल हसून हसून खाली यायचा राहिला:
"दाजू, या वयात बॉडी?"
व्हिडिओ कॉलवर डबा मागे तसाच राहिला.
इस्टेलाने विचारलं, ते काय?
म्हटलं, भीमलालचं.

ग्लेझच्या लॅबमधून मोडीत काढलेला काटा आणला.
पाच ग्रॅम. पेला. चमचा.
चव कळकलेल्या ताकाची.
वहीत तीन रकाने आखले: तारीख, आकडा,
तिसऱ्याला नाव सुचलं नाही.
त्यात आपलं काहीबाही:
जिना एका दमात.
काही नाही.
साठ, सुकेळी नव्हती, चणे खाल्ले.
काही नाही.
रेनिशावर उगाच ओरडलो.
काही नाही.

सहाव्या आठवड्यात एक अख्खं पॅलेट
तडकलेलं माझ्या हाताखालून गेलं.
कानांत नुसती गुणगुण होती.
मी टिचकी मारत होतो
आणि प्रत्येक फरशी मला चांगली वाजत होती.
सुपरवायझर रागावला नाही. ते जास्त लागलं.

त्या रात्री इस्टेलाला सगळं सांगितलं.
एक्कावन्न, बनियन, डबा, पॅलेट.
बराच वेळ तिकडे पंख्याचाच आवाज.
मग म्हणाली,
"दोन वर्षं मला वाटत होतं
तुला माझ्याशी बोलायचा कंटाळा येतो."

आता रात्री दहाला मी काटा काढतो
आणि ती फोनवर असते.
सांडलंस, म्हणते. थोडं कमी कर, म्हणते.
चणे भिजवलेस का, विचारते,
जणू चणे तिच्याच ओट्यावर आहेत.
गेले अकरा दिवस पहाटेचा आकडा सत्तरच्या वर.
मी डॉक्टरांना विचारलं, पावडर की चणे की पाळी बदलली म्हणून?
त्या वैतागल्या:
सगळं एकदम बदलून मग मला काय विचारतोस?

इस्टेलाचं नाव मी त्या यादीत घेतलं नव्हतं.

आज डबा संपला.
नवा घ्यायचा की रेनिशाच्या फीमध्ये घालायचे,
ते उद्या बघू.
रिकामा डबा सवयीने टिचकी मारून पाहिला.
बद्द.
प्लास्टिकच ते, दुसरं काय वाजणार.
वहीत तारीख घातली, अठ्ठ्याहत्तर लिहिलं,
तिसरा रकाना कोरा ठेवून
बूट घातले. उभ्यानेच.