चतुःसीमा

ठोसरांची पत्र्याची पेटी
आडिवऱ्याहून रिक्षातून आली.
पानामागे साठ रुपये, मोडीचं बाळबोध करून द्यायचं.
धाकटा ठोसर म्हणाला, फक्त सड्याचं बघा,
बाकी कचरा आहे.

मी कचराही वाचते.

विसाजीपंत ठोसर, खोत,
वर सरकारनं दिलेली बिनपगारी मॅजिस्ट्रेटी.
सकाळी पडवीत कोर्ट:
रामा गोताड, परक्या माडाची चार शहाळी, दंड दोन रुपये.
हसन सोलकर, वल्ह्यावरून मारामारी, ताकीद.
भागी, बापाचे नाव नाही,
माड रामाचाच असे बोलली सबब खोटी शपथ,
दंड पाच.

दुपारी तोच बोरू, शाई जरा पातळ,
मुंबईच्या भाच्याला:
खाडीच्या तोंडाशी आगबोटीचा धक्का होणार
असे खात्रीलायक कळते.
सडा आज कुत्रे विचारीत नाही.
मिळेल तितका घेणे. बभ्रा न करणे.

मोडीत आधी पानभर रेघ ओढतात,
मग अक्षरं तिला लोंबत सोडतात.
शब्दाशब्दांत फट नाही, ह्रस्व-दीर्घ नाही,
दिन आणि दीन एकाच तोंडाचे.
कुठे तोडायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं.

दंड न भरला सबब रामाचा सड्यावरचा तुकडा
पंतांच्या भाच्याच्या नावे.
साक्षीदार पंतांचाच कारकून.
पूर्वेस वहाळ, पश्चिमेस समुद्र,
दक्षिणेस आंबा, रायवळ,
उत्तरेस भागी राहते ते खोपट.

धक्का झाला नाही.
बारा वर्षं तो दर पत्रात
पुढल्या हंगामी होतच राहतो,
मग पत्रांत खोकला येतो,
मग अक्षर बदलतं.

आता म्हणे सड्यावर कंपनी येणार.
पनवेलचे दोन एजंट लॉजवर उतरलेत,
रोज मासे खातात, काटे मोजतात.
ठोसर फोन करतो: हद्द मिळाली?

मिळाली.
वहाळ वळला असेल, आंबा वणव्यात गेला.
खोपटाचं जोतं आहे अजून, चार चिरे, करवंदीत.
आई सर्वपित्रीला तिथे पान ठेवायची,
कुणाचं ते विचारलं की म्हणायची, म्हातारीचं,
नि पाण्याचा तांब्या माझ्या हातात द्यायची.

ठोसरला यातलं काही सांगितलं नाही.
पानाचे साठ घेतले.
उत्तरेस भागी राहते, असंच उतरवलं,
राहत होती केलं नाही.
खाली सही, तारीख,
मूळ बरहुकूम.