पोटात ठेवलेली गोष्ट

तळघरात मेणाच्या वड्या आहेत, चाळीस हजारांवर.
प्रत्येकीत कुणाचा तरी नखाएवढा तुकडा:
पित्ताशय, आंत्रपुच्छ, नुसताच एखादा तीळ.
नदीचा बर्फ फुटला की ओउलूच्या या इस्पितळाला
खालून पाझर सुटतो. मी रबरी बूट घालून उतरते.

आज हवी होती सत्त्याण्णव सालची.
ओइवा केत्तुनेन, जाळी विणणारा. जठराचा व्रण.
शस्त्रक्रिया यशस्वी. पुढे कोरं.

काप काढला, केसाच्या विसाव्या भागाइतका.
कोमट पाण्यावर सोडला, तो पसरला
पहिल्या थंडीत नदीवर धरते तशी साय.
काचेवर उचलला. मग प्रतिपिंड, मग रंग,
मग दोन कप कॉफी, कारण रंगाला घाई चालत नाही.

भिंगाखाली जठराची भिंत, निळसर, शांत.
स्नायूंच्या दोन थरांत मज्जातंतूंचं एक पुंजकं
आणि त्यात तपकिरी मणी, दोऱ्यात ओवल्यासारखे.
अल्फा-सिन्युक्लिन.
मेंदूपासून हातभर लांब.

त्या साली त्याची बोटं
अंधारात जाळ्याचं फाटकं घर शोधून काढायची.

म्हणजे पोटाला ठाऊक होतं.
पंधरा वर्षं त्यानं ती गोष्ट पोटात ठेवली.
फुटली ती उजव्या अंगठ्यातून.

संमतीसाठी फोन केला तर साइमी, त्याची बायको, म्हणाली:
एका वसंतात होडीला डांबर लावत होता,
अंगणभर वास, माझं डोकं उठलेलं,
आणि हा मला विचारतो, डबा उघडलास का?
मी हसले हो.
आणि पोट साफ न होणं म्हणाल,
तर ती आमच्याकडे तक्रार नव्हती, हवामान होतं.

नवा डॉक्टर खूश आहे. आता म्हणे
मानेवरची मसुराएवढी कातडीसुद्धा पुरेल.
साइमीनं विचारलं, तेव्हा कळलं असतं तर?
थांबवणारं औषध तेव्हा नव्हतं, आजही नाही,
हे मी सांगितलं. जरा जास्तच भरभर.

ती बराच वेळ गप्प. मग:
त्यानं डबा अजून थोडा वेळ उघडा ठेवला असता.

कापलेल्या तोंडावर गरम मेण ओतलं.
वडी पुन्हा मुकी झाली, तिच्या नंबरावर गेली.
वर येताना कॉफीच्या खोलीशी थांबले,
वास येतोय का बघायला.