रकाने

मिरकरवाड्यात, बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
मी आधी प्रकार लिहिला: मासळी.
मग रकाने. नाव, वजन, भाव, होडी.
नावापुढे लाल चांदणी, भरल्याशिवाय सुटका नाही.

हमीदा सोलकर पाटी टेकवून
स्क्रीनकडे बघत राहिली.
"नाव एकच घेतो हा?"
एकच.
"मग मालवणचा व्यापारी इसवण मागेल तेव्हा?
सुरमईच्या पोटात शोधायची?"

मी 'नाव'चं 'नावं' केलं.
एका अनुस्वारासाठी
अख्खा तक्ता मोडून पुन्हा बांधला,
दुपारचं जेवण राहिलं.

म्हटलं, ही प्रणाली कुणाच्या मालकीची नाही,
कुणीही उघडावी, आतलं बदलावं.
"जेट्टीसारखी," ती म्हणाली,
"सगळ्यांची. म्हणून झाडत कुणी नाही."

शेवटी वर्गवारी. पापलेट, हलवा, कोळंबी,
मुशी (तिलाच मोरी म्हणा),
आणि तळाला, माझ्या सवयीने: इतर.
तिने पाटीचा तळ ढवळला,
बोटभर मांदेली, तुटके खेकडे,
नाव मलाही न येणारं काहीतरी चंदेरी.
"हे इतर?
घरी हेच शिजतं, बाबा."

खाली बर्फ फुटतोय.
'जतन करा'वर बोट आहे,
दाबलेलं नाही.